वजन १३० किलो, मग भुलीचा डोस कुठल्या किलोवर?

परवा रात्री साडेदहाला एका ज्युनिअरचा फोन, "सर, उद्या कोल्हापुरात राजारामपुरीत गॉलब्लॅडरची केस आहे, पेशंट १३० किलो, भूल चढवायला प्रोपोफॉल किती घेऊ?" म्हटलं, आधी उंची सांग. उंची कुणी मोजलीच नव्हती! सगळा घोळ इथंच सुरू होतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो, भूलशास्त्रात डीए-एमडी करणाऱ्या पोरांसाठी.

पहिलं काम म्हणजे वजन खरंच मोजणं. अंदाजानं नको, आणि पेशंटला विचारून तर नकोच. पण लहान नर्सिंग होममधला काटा १२० ला जाऊन अडकतो त्याचं काय? एका मावशींच्या वेळी असंच झालं, तर पोरगा म्हणाला, "सर, आमच्या अडतीत गुळाचे रवे मोजायचा काटा आहे, दुकान बंद झाल्यावर आईला तिथं नेतो." मार्केट यार्डात संध्याकाळी, बघायला कुणी नसताना, खुर्ची ठेवून मोजलं आणि खुर्चीचं वजन वजा केलं. बरोबर १३०. उंची १५५ सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, ५४. हेच आकडे घेऊन पुढं जाऊ.

आता केसशीटवर एक वजन लिहायचं नाही, चार लिहायची. टोटल १३०. आयडियल म्हणजे उंचीतून बाईसाठी १०५ वजा, पुरुषासाठी १००, म्हणजे मावशींचं ५०. ॲडजस्टेड म्हणजे आयडियलमध्ये जास्तीच्या वजनाचा ४० टक्के भाग मिळवायचा, ८० चे ३२, म्हणून ८२. आणि लीन, म्हणजे चरबी सोडून उरलेलं, त्याचं सूत्र बाईसाठी ९२७० गुणिले वजन, भागिले (८७८० अधिक २४४ गुणिले बीएमआय). पुरुषासाठी खालचे आकडे ६६८० आणि २१६. मावशींचं येतं साधारण ५५. मोबाईलवर दोन मिनिटांचं काम आहे, आळस करू नका.

एवढा खटाटोप कशाला? कारण चरबीला रक्त फार कमी जातं. पंगतीत शेवटच्या रांगेत ढीगभर पाहुणे बसलेत पण वाढपी तिकडं पोचायला अर्धा तास, तसंच. इंडक्शनचा, म्हणजे भूल चढवायचा डोस पहिल्या मिनिटात मेंदू, हृदय, यकृत, किडनीकडं जातो, चरबीच्या वाट्याला तेव्हा जवळजवळ काहीच नाही. म्हणून प्रोपोफॉल लीनवर. किलोला २ मिलिग्रॅमच्या हिशोबानं ११० मिलिग्रॅम, ११ मिली. टोटलवर काढलं असतं तर २६ मिली, आणि बीपी धाडकन खाली. भूल चढवणाऱ्या थायोपेंटोनचंही हेच, वेदना मारणारं फेंटानिलही लीनवरच. पण इन्फ्युजन चालू ठेवायचं असेल तर गोष्ट वेगळी, हळूहळू शेवटची रांगही जेवायला लागते, तेव्हा ॲडजस्टेड धरायचं. टीसीआय पंपावर (औषधाची पातळी ठरवून दिली की डोस स्वतः सोडणारा पंप) श्नायडर मॉडेल, म्हणजे त्याचं एक गणित, लावणाऱ्यांनी जपून, त्यातलं लीनचं जुनं सूत्र बायकांत बीएमआय ३७ आणि पुरुषांत ४२ च्या आसपास गेलं की उलटं चालतं, वजन वाढलं की लीन कमी दाखवतं.

लीनवर दिलेल्या डोसचा एक तोटा मात्र कुणी सांगत नाही. तो लवकर उतरतो. श्वासनळीत ट्यूब टाकायला वेळ लागला आणि भुलीचा गॅस अजून सुरू नाही, तर पेशंट आतून जागा आणि ट्यूबसाठी दिलेल्या औषधानं स्नायू मात्र लुळे. ब्रिटनमधल्या २०१४ च्या एनएपी-५ पाहणीत अशा जागेपणाच्या केसेसमध्ये लठ्ठ पेशंट जास्त सापडले ते काही उगीच नाही. म्हणून प्रोपोफॉलची दुसरी सिरिंज भरून हाताशी ठेवा, उशीर झाला की थोडं थोडं द्या, आणि ट्यूब गेल्या गेल्या सेव्हो (सेव्होफ्लुरेन गॅस) चालू करा.

स्कोलीन, म्हणजे ट्यूब टाकायला स्नायू झटपट ढिले करणारं औषध, हा अपवाद. ते टोटलवर, किलोला १ मिलिग्रॅम, म्हणजे मावशींना १३०. कारण ते तोडणारं एन्झाइमही जास्त असतं आणि ज्या पाण्यात ते पसरतं ते पाणीही जास्त. कमी दिलं तर जबडा अर्धवट सुटतो, आणि या पेशंटला तोंड उघडून बघत बसायला वेळच नसतो, सॅच्युरेशन भराभर उतरतं. म्हणून ऑक्सिजन द्यायच्या आधीच उशा-चादरींची उतरण करा, कानाचं भोक आणि छातीच्या हाडाची वरची खाच एका रेषेत आली पाहिजे.

जास्त वेळ स्नायू लुळे ठेवणारी रोक्युरोनियम, वेक्युरोनियम आयडियलवर, पाण्यात विरघळणारी औषधं आहेत ती, चरबीत शिरतच नाहीत. यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. नवीन असताना ११८ किलोच्या पेशंटला सरळ वजनानं १२ मिलिग्रॅम वेक्युरोनियम दिलं. ऑपरेशन ४५ मिनिटांत संपलं, सर्जन मिसळ खाऊन परत आले तरी मी श्वास द्यायची बॅग दाबतच बसलेलो. ते उतरवायला निओस्टिग्मिन देऊन बघितलं पण इतका खोल ब्लॉक त्यानं उठत नाही, दीड तास गेला. तेव्हापासून टीओएफ मॉनिटर (स्नायू किती सुटले ते मोजणारा) माझ्या बॅगेत असतो, नर्सिंग होममध्ये असो नसो.

रोक्युरोनियम, वेक्युरोनियम उतरवणारं सुगामॅडेक्स, त्याचा डोस कंपनी टोटलवर सांगते, किलोला २ मिलिग्रॅमनं २६०, म्हणजे २०० च्या दोन व्हायल फोडाव्या लागतात. पैसे वाचवायला काही जण आयडियल अधिक आयडियलचेच ४० टक्के, म्हणजे ७० किलो धरतात, १४० मध्ये भागवतात. मॉनिटर समोर असेल तर एकवेळ ठीक, नसेल तर असला नाद करू नका भावांनो.

गॅसमध्ये सेव्हो किंवा डेस (डेसफ्लुरेन). आयसो (आयसोफ्लुरेन) तासाभराच्या केसला फारसा त्रास देत नाही, चार तास चाललं तर उठायला वेळ लागतो. अँटिबायोटिक सेफाझोलिन १२० किलोच्या वर ३ ग्रॅम, एवढंच.

मॉर्फिन मात्र हात आखडून, तेही लीनवर. जो घोरतो, झोपेत श्वास अडकतो, त्याची रात्र खरी परीक्षेची. पॅरासिटामॉल आणि जखमेवर बधिर करणारं बुपिव्हॅकेन आधी, मॉर्फिन शेवटी. ट्यूब काढायची ती पेशंट पूर्ण जागा, टीओएफ ०.९ च्या वर, आणि पाठ उभी करून बसवल्यावरच. मावशींनी ट्यूब निघाल्या निघाल्या पहिलं विचारलं, "चहा मिळंल का?"