केबल बंद करताना: आधी संध्याकाळची सोय, मग अर्ज

केबल तोडणं हे एका अर्जाचं काम आहे. अवघड आहे ती संध्याकाळी सात ते साडेदहाची वेळ. पुण्यातल्या कित्येक घरांत देवापाशी दिवा लागला की टीव्ही लागतो, भाजी त्याच्यासमोरच निवडली जाते आणि ताटंही तिथेच येतात. या वेळेचं काय करायचं हे न ठरवता केबल तोडली, तर पंधरा दिवसांत जोडणी तरी परत येते, नाहीतर चार माणसं चार मोबाइल घेऊन चार कोपऱ्यांत बसतात. म्हणून आधी वेळेची सोय लावायची, अर्ज शेवटी.

पहिले सात दिवस काहीच बंद करू नका. टीव्हीशेजारी एक कागद आणि दोरीला बांधलेलं पेन ठेवा. टीव्ही कधी लावला, कधी बंद केला, काय पाहिलं आणि कोणासाठी, एवढंच लिहायचं. जे ठरवून पाहिलं त्यापुढे टिंब, नुसताच चालू राहिला त्यापुढे फुली. आठवड्याने टिंबं आणि फुल्या वेगवेगळ्या मोजा. दिवसाला तीन तास धरले तर महिन्याचे नव्वद तास होतात. त्यातले फुलीचे किती, हे कळल्याशिवाय पुढची गणितं जमत नाहीत. कागद मुलांकडे सोपवला तर नोंदी नीट राहतात.

फुल्या दोन प्रकारच्या निघतील. एक म्हणजे खरा वाया गेलेला वेळ. दुसरी सोबतीची: दुपारी घरात एकट्या असलेल्या आजींना माणसाचा आवाज हवा असतो, म्हणून टीव्ही चालू असतो. ही दुसरी फुली पुसायची तर आवाजाला आवाजच द्यावा लागतो, आणि त्याला रेडिओसारखं साधन नाही. पुण्यात विविध भारती १०१ एफएमवर लागते. आकाशवाणीचं पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला आहे. त्यासाठी एएम (म्हणजे मध्यम लहरींचा पट्टा) असलेला संच घ्या, कारण मोबाइलमधल्या रेडिओवर हे केंद्र लागत नाही. एएमवर खरखर आली तर संच एलईडी दिवे, चार्जर आणि फ्रिजपासून दूर खिडकीत ठेवा आणि सावकाश फिरवून पाहा. त्याची अँटेना आत आडवी असते, त्यामुळे दिशा बदलली की आवाज स्वच्छ होतो.

ज्येष्ठांची मालिका मात्र त्यांना न विचारता काढून घेऊ नका. एकच मालिका मनापासून पाहिली जात असेल तर ती वाहिनीच्या ॲपवर बघता येते. ती लावून देण्याची आणि संपल्यावर बंद करण्याची जबाबदारी घरातल्या एकाने घ्यायची. ॲपवर पुढचा भाग आपोआप सुरू होतो, ती सोय सेटिंगमध्ये जाऊन पहिल्याच दिवशी बंद करा. नाहीतर केबल गेली आणि तास वाढले, असं होतं.

आता रिकाम्या वेळेत काय? पुण्यात टेकड्या सगळ्यांना आठवतात. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वतीच्या १०३ पायऱ्या, सगळं खरं. पण ही सकाळची कामं आहेत. टीव्हीची वेळ रात्रीची आहे. रात्री लवकर झोपून पहाटे टेकडी गाठणार असाल तरच हा बदल टिकतो, आणि तो घरातल्या सगळ्यांना जमत नाही. संध्याकाळसाठी ज्याचा वार ठरलेला, वेळ ठरलेली आणि जिथे दुसरं कोणीतरी वाट पाहत असतं, असं काहीतरी निवडा: तबल्याचा किंवा गाण्याचा क्लास, सोसायटीतलं बॅडमिंटन, भजनी मंडळ. ‘वेळ मिळेल तेव्हा वाचू’ हे ठरवणं नव्हे.

वाचायचंच असेल तर ग्रंथालयाचं सभासदत्व केबल तोडण्याआधी घ्या. बुधवार पेठेतलं पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं आहे, नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय आहे. पुस्तक बदलण्याचा वार ठरवून कॅलेंडरवर लिहा. पहिल्या महिन्यात जाडजूड कादंबरी आणू नका. कथासंग्रह आणा, एका बैठकीत एक कथा संपते. जेवणानंतर वीस मिनिटं एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, हे लहान मुलं आणि दृष्टी मंदावलेले आजोबा दोघांनाही जमतं.

बाहेरच्या कार्यक्रमांसाठी रोज सकाळी वर्तमानपत्रातलं आजच्या कार्यक्रमांचं सदर पाहा. बरेच कार्यक्रम विनामूल्य असतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला एप्रिल-मेमध्ये टिळक स्मारक मंदिरात होते. केबल सोडायला उन्हाळा बरा, त्याचं हे एक कारण. क्रिकेटच्या मोठ्या मालिकेच्या तोंडावर मात्र हा बेत करू नका.

टीव्हीची जागाही बदला. दिवाणखान्यातल्या सगळ्या खुर्च्या टीव्हीकडे तोंड करून असतील तर हात रिमोटकडे जाणारच. खुर्च्या समोरासमोर मांडा, टीव्ही शक्य असेल तर आतल्या खोलीत न्या, आणि मोबाइल चार्ज करण्याची एकच जागा ठरवा, झोपण्याच्या खोलीबाहेर.

एवढं झालं की अर्ज. आधी बिल नीट वाचा. नेटवर्कचं शुल्क, वाहिन्यांचे पैसे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असा त्याचा हिशेब असतो. शुल्क १३० रुपये असेल तर करासह १५३ रुपये ४० पैसे होतात, वाहिन्या त्याहून वेगळ्या. इंटरनेट त्याच केबलवाल्याकडून असेल तर एकत्र योजनेतली सवलत जाऊन नेटचा दर वाढतो का, हे आधी विचारा. लगेच कायमचं तोडण्याची गरज नाही, सेवा तात्पुरती थांबवण्याची सोय ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांत आहे. अर्ज लेखी द्या, त्यावर बॉक्सचा क्रमांक लिहा आणि पोच घ्या. पैसे आधी भरलेले असतील तर मुदत संपण्याच्या सुमाराची तारीख टाका आणि बँकेतून आपोआप जाणारी रक्कम बंद करा. कायमचं तोडताना बॉक्स भाड्याचा असेल तर रिमोट आणि अडॅप्टरसह परत करा, अनामतीची पावती शोधून ठेवा. नुसतं ‘उद्यापासून नको’ असं वसुलीला आलेल्या मुलाला सांगितलं, तर बाकी चढत राहते.

बातम्या आणि सह्याद्री वाहिनी हवीच असेल तर दूरदर्शनची डीडी फ्री डिश घ्या. डिश आणि बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचं भाडं नाही. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे त्या बदलत राहतात. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पुण्यातून तो आग्नेयेला, उत्तरेपासून साधारण १३२ अंशांवर आणि क्षितिजापासून ५९ अंश उंचीवर येतो. फक्त पश्चिमेची किंवा उत्तरेची बाल्कनी असेल तर गच्चीवरच बसवावी लागेल, त्यासाठी सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. ऑफसेट डिश (जिचा सिग्नल घेणारा भाग मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो) बघायला बरीच उभी वाटते, तरी ती जास्त वर वाकवू नका. मीटरवर सिग्नल जुळला की बोल्ट घट्ट आवळा आणि पुन्हा तपासा, कारण आवळताना डिश किंचित सरकते. केबलच्या जोडावर रबरी टेप गुंडाळा आणि जोडाआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. जुलैच्या मुसळधार पावसात चित्र थोडा वेळ जाईल, तो दोष नव्हे. ऊन पडल्यावरही येत नसेल तर आधी जोडात पाणी शिरलंय का ते बघा.