ग्रँटची व्हिक्सबर्ग मोहीम कार्डशीटवर कशी मांडावी

अमेरिकेच्या यादवी युद्धातला उत्तरेचा सेनापती जनरल युलिसिस ग्रँट याची सगळी कारकीर्द एका तक्त्यावर कोंबू नका. १८६३ ची व्हिक्सबर्ग मोहीम घ्या. व्हिक्सबर्ग म्हणजे मिसिसिपी नदीच्या पूर्व काठावरचं, दक्षिणेच्या ताब्यातलं तटबंदीचं शहर; ते ग्रँटने जिंकलं. त्याची पद्धत तिथेच नीट कळते.

कार्डशीट आडवी धरा. १ सेंमी = २ किमी घेतलं की व्हिक्सबर्ग ते पूर्वेचं जॅक्सन शहर सरळ रेषेत साधारण ३२ सेंमी येतं. डाव्या बाजूला मिसिसिपी काढा, उत्तरेकडून दक्षिणेकडे. नांदेड-परभणीची पोरं इथे हमखास चुकतात. गोदावरी पूर्वेला जाताना पाहिलेली, म्हणून हीही आडवी काढतात आणि पुढचं सगळंच बिघडतं.

आता निळ्या स्केचपेनने बाण. १६ एप्रिलच्या रात्री उत्तरेचं आरमार व्हिक्सबर्गच्या तोफांसमोरून खाली निघालं. ग्रँटचं पायदळ पश्चिम काठाने दक्षिणेला उतरलं. ३० एप्रिलला ब्रुइन्सबर्गला नदी ओलांडली. इथून थेट व्हिक्सबर्गकडे बाण ओढू नका! ग्रँट आधी ईशान्येला वळला. लढाया अशा: पोर्ट गिब्सन १ मे, रेमंड १२ मे, जॅक्सन १४ मे. जॅक्सनची रेल्वे तोडली की व्हिक्सबर्गची रसद तुटते आणि पाठीमागून येणारी मदतही अडते. मग पश्चिमेला: चॅम्पियन हिल १६ मे, बिग ब्लॅक नदी १७ मे. १९ आणि २२ मेचे व्हिक्सबर्गवरचे हल्ले फसले, म्हणून शहराला वेढा. व्हिक्सबर्गची शरणागती ४ जुलै.

वेढ्याची रेघ पेन्सिलीनेच काढा. ती शहराच्या जमिनीकडच्या बाजूनेच येते. नदीकडची बाजू आरमाराने रोखलेली होती.