दहावीतल्या मुलांची झोप कशी सावरावी

“फोन काढून घ्या, मूल आपोआप झोपेल” हा सल्ला मी पालकसभेत दर वर्षी ऐकते आणि दर वर्षी खोडून काढते. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिनच उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे दहाला दिवा मालवला तरी मूल टक्क जागं असतं. झोप मात्र त्याला ८ ते १० तास हवी. २०२४ मध्ये राज्यात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायचा आदेश निघाला. मोठ्यांची सातची शाळा तशीच राहिली. तेव्हा काय ते घरातच करायचं.

संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी नको. उठायची वेळ रोज एकच, रविवारी फार तर तासभर सूट. उठल्याबरोबर गच्चीत किंवा गॅलरीत उजेडात जायचं.

आता फोन. इथेच सगळं फिसकटतं. शाळा, क्लास आणि घरी आल्यावर “आज काय शिकवलं?” एवढ्यात मुलांना स्वतःचा आणि मित्रांचा वेळ मिळतो तो रात्री अकरालाच. तो नुसता हिसकावलात तर चोरून जागरण सुरू होईल. म्हणून आधी तोच वेळ संध्याकाळी द्या. क्लासहून आल्यावर पाऊण तास दार लोटून बसू दे. कोणाशी बोलतेस, काय हसतेस, विचारू नका. हे लाड नव्हेत, या वयाची ती गरज आहे.

मग रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. सगळ्यांचे! बाबा सोफ्यावर रील बघत बसणार आणि मुलीचा फोन कपाटात, हे आठवडाभरही टिकत नाही. वेळ तिलाच ठरवू द्या. साडेदहा म्हणाली तर साडेदहा, पण परीक्षेच्या आदल्या रात्रीही तीच. “गजर फोनमध्ये आहे” म्हणेल, तर सेलवरचं साधं घड्याळ आणा. आणि ग्रुपवर तिनं स्वतःच लिहायचं, “साडेदहानंतर माझा फोन हॉलमध्ये असतो.” माझ्या वर्गातली एक मुलगी केवळ मैत्रिणी “भाव खाते” म्हणतील या धास्तीनं जागायची. हा एक मेसेज टाकल्यावर तिचं जागरण सुटलं.

सुरुवातीला चिडचिड होईल, ती होऊ द्या. घडी बसली की झोपायची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा.

एवढं करूनही दोन आठवडे झोप नाही, जेवण तुटलंय, मूल गप्प-गप्प आहे, तर अभ्यासाचा ताण म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा किंवा सरकारच्या टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीतून बोलता येतं.