अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या वादात स्वतःचा पक्षपात कसा तपासावा

मे २०२२ मध्ये अभिनेत्री केतकी चितळे यांना शरद पवारांविषयीची एक पद्यरचना फेसबुकवर टाकल्याबद्दल ठाणे पोलिसांनी अटक केली आणि त्यांना महिन्याहून अधिक काळ कोठडीत काढावा लागला. त्या वेळी राज्यात महाविकास आघाडीचे सरकार होते. मार्च २०२५ मध्ये विनोदकार कुणाल कामरा यांनी एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबन केले, तेव्हा खार येथील ज्या स्टुडिओत तो कार्यक्रम चित्रित झाला होता त्याची शिंदे यांच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मोडतोड केली आणि कामरा यांच्यावर गुन्हाही नोंदवला गेला. या वेळी सरकार महायुतीचे होते. दोन्ही प्रसंगी कोणी ‘अभिव्यक्तीची गळचेपी’ म्हटले आणि कोणी ‘स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे’ असे सुनावले. मात्र तीन वर्षांच्या अंतराने ही दोन वाक्ये उच्चारणाऱ्यांच्या जागा मोठ्या प्रमाणावर बदललेल्या होत्या. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण राजकीय मतांच्या बाबतीत इतक्या उघडपणे खरी ठरते की त्याचे कोणाला नवल वाटेनासे झाले आहे. ते वाटले पाहिजे, असे माझे मत आहे. पुढील मार्गदर्शन राजकीय पक्षांसाठी नाही. त्यांना सोयीचे बोलणे भागच असते. ज्याला कोणत्याही पक्षाचे पद नको आहे, तरी ज्याचे मत पक्षाच्या कलाने वळत जाते, अशा सामान्य मतदारासाठी ते आहे.

आरंभ स्वतःच्या जुन्या शब्दांपासून करावा. आपण नेहमीच तत्त्वाने वागलो असे प्रत्येकाला वाटत असते, कारण स्मरणशक्ती आपल्या बाजूने साक्ष देते. म्हणून आठवणीवर विसंबू नये. फोनमध्ये व्हॉट्सअॅपचे जुने संदेश शोधता येतात, फेसबुकवरील आपल्या नोंदी वर्षानुसार पाहता येतात. मे २०२२ आणि मार्च २०२५ हे दोन महिने उघडावेत आणि वर सांगितलेल्या दोन घटनांवर आपण काय लिहिले, कोणाचे लेखन पुढे पाठवले आणि कोणत्या घटनेवर काहीच बोललो नाही, हे एका कागदावर उतरवावे. यात आपल्याला अडचणीत टाकणारा तपशील सहसा विशेषणांत सापडतो. एका व्यक्तीला आपण ‘निर्भीड’ म्हटलेले असते आणि दुसरीला ‘विकृत’. पण दोघांच्या कृतीचे वर्णन नावे न घेता करायचे झाले, तर ते जवळजवळ एकाच वाक्यात मावते.

त्यानंतर नावांची अदलाबदल करावी, आणि ती मनातल्या मनात न करता लिहून करावी. आज एखाद्याच्या अटकेची बातमी आली की तिचे चार ओळींत वर्णन करावे: कोणी, कोठे, काय म्हटले आणि त्यावर कोणी कोणती कारवाई केली. मग बोलणाऱ्याच्या जागी आपल्याला अप्रिय असलेल्या पक्षाचा माणूस आणि दुखावलेल्या नेत्याच्या जागी आपला आवडता नेता घालावा. वर्णन पुन्हा वाचल्यावर कारवाई योग्य वाटू लागली, किंवा आधी योग्य वाटत होती ती आता अन्याय्य वाटू लागली, तर आपले मत त्या कृतीविषयी नसून माणसांविषयी होते, हे उघड आहे. ही अदलाबदल केवळ पक्षांपुरती ठेवू नये. अमेरिकी अभ्यासक जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाच्या निमित्ताने जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला, काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने पुस्तकावर बंदी घातली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्या काळातल्या चर्चा ज्यांना आठवतात त्यांना हेही आठवत असेल की अनेकांची भूमिका पक्षावरून ठरली नव्हती, ती जातीवरून ठरली होती. म्हणून बदलायच्या नावांत पक्षाबरोबर जात, धर्म आणि भाषाही असली पाहिजे. महाराष्ट्रात हा भाग वगळून केलेली तपासणी अपुरी राहते.

येथे एक रास्त आक्षेप येईल: दोन घटना कधीही अगदी सारख्या नसतात. हे खरे आहे, आणि पक्षपाताचा सर्वांत सुरक्षित आसराही हाच असतो. चितळे यांनी टाकलेल्या मजकुरात एका वृद्ध नेत्याच्या आजारपणावर शेरेबाजी होती, कामरा यांचा रोख राजकीय वर्तनावर होता, असा भेद कोणी दाखवील. उलट बाजूने कोणी म्हणेल की एका सामान्य कलावतीने टाकलेली चार कडवी आणि लाखो लोक पाहतात असा कार्यक्रम यांचे वजन सारखे नाही. दोन्ही भेद खरे आहेत. प्रश्न एवढाच आहे की त्या भेदामुळे कारावास समर्थनीय ठरतो का. एखादे बोलणे असभ्य असणे आणि ते गुन्हा असणे यांत मोठे अंतर आहे, आणि आपल्या माणसाच्या बाबतीत हे अंतर आपल्याला चटकन दिसते.

खरा भेद आणि सोयीचा भेद यांची पारख करण्यासाठी भेदाला नियमाचे रूप द्यावे. ‘आजारपणावर टीका करणाऱ्यास अटक व्हावी’ असे तुमचे म्हणणे असेल, तर ते तसेच लिहावे आणि मग तुमच्या पक्षाच्या वक्त्यांनी विरोधी नेत्यांच्या प्रकृतीवर, शरीरावर, उच्चारावर केलेली भाषणे आठवावीत. नियम त्यांनाही लागू करण्याची तुमची तयारी असेल तर तो नियम आहे; नसेल तर तो खोडून टाकावा. नियम बोलण्याच्या स्वरूपाविषयी, त्याच्या परिणामाविषयी किंवा लक्ष्य झालेल्याच्या सामर्थ्याविषयी असू शकतो. राज्यकर्त्याची खिल्ली उडवणे आणि एखाद्या वस्तीतल्या लोकांवर तुटून पडा असे जमावाला सांगणे, यांत मी स्वतः मोठा भेद मानतो, आणि तो मानण्यात पक्षपात नाही, कारण तो वक्त्याचा पक्ष न पाहता लावता येतो.

या कामी सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात दिलेला निकाल फार उपयोगी आहे. त्यात बोलण्याचे तीन टप्पे वेगळे केले आहेत: एखाद्या विषयाची चर्चा करणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे आणि चिथावणी देणे. पहिले दोन टप्पे कितीही अप्रिय असले तरी अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या, संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) च्या संरक्षणात येतात, आणि तिसऱ्या टप्प्यावर पोहोचल्यावरच अनुच्छेद १९(२) मधील निर्बंधांचा विचार सुरू होतो. कोणतेही वादग्रस्त विधान समोर आले की वक्त्याचे नाव झाकून ते या तिन्हींपैकी कोठे बसते हे आधी ठरवावे. माझा अनुभव असा की चारचौघांत हा प्रश्न विचारला की आवाज खाली येतात, कारण ‘चिथावणी कोणाला, कशाची आणि कधी’ याचे उत्तर द्यावे लागते.

तो निकाल ज्या कलमाबद्दल होता त्याची कथाही लक्षात ठेवण्याजोगी आहे. संगणक किंवा फोनवरून ‘अतिशय आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ हे २००८ च्या दुरुस्तीने आले आणि या निकालाने ते रद्द झाले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदविषयी प्रश्न विचारणारी नोंद फेसबुकवर टाकल्याबद्दल पालघरच्या एका तरुणीला आणि ती नोंद पसंत केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली, तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ममता बॅनर्जी यांच्यावरील व्यंगचित्र ई-मेलने पुढे पाठवल्याबद्दल कोलकात्यात जादवपूर विद्यापीठाच्या एका प्राध्यापकांना अटक झाली होती. कलम रद्द झाल्यानंतरही निरनिराळ्या राज्यांचे पोलीस ते लावतच राहिले, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश देऊन ते थांबवण्यास सांगावे लागले. म्हणून ‘असल्या बोलण्यासाठी कडक कायदा हवा’ असे वाटेल तेव्हा तो कायदा आपल्याला सर्वांत नकोशा असलेल्या गृहमंत्र्याच्या हाती आहे अशी कल्पना करून त्याचा मसुदा वाचावा. ही कल्पना फार ताणावी लागत नाही, कारण महाराष्ट्रात २०१९ ते २०२४ या पाच वर्षांत गृहखाते प्रत्यक्षातच एका बाजूकडून दुसरीकडे गेले.

कारवाई कोणाकडून झाली, हेही प्रत्येक वेळी वेगळे नोंदवावे. सरकारने अटक करणे, जमावाने मोडतोड करणे, आयोजकांनी निमंत्रण मागे घेणे आणि लोकांनी कठोर टीका करणे या चार गोष्टी आपण वादाच्या भरात एकाच पिशवीत टाकतो. आपल्या माणसावर केवळ टीका झाली तरी ‘आवाज दाबला’ म्हणतो, आणि परक्याच्या कार्यालयावर दगड पडले तरी ‘लोकांच्या भावना अनावर झाल्या’ असे म्हणतो. टीका हा अभिव्यक्तीचाच भाग आहे. तिच्याविरुद्ध तक्रार करण्याजोगे काही नाही. जमावाच्या बाबतीत मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या एस. रंगराजन खटल्यात स्पष्ट सांगितले आहे की हिंसेच्या धमकीपुढे नमून राज्याला अभिव्यक्ती दडपता येत नाही; तिचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. २०१९ च्या यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन करण्यासाठी इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले, तेव्हा कोणताही सरकारी आदेश निघाला नव्हता, तरी संमेलन उधळले जाण्याच्या भीतीने ते घडले. अशा प्रसंगी ‘आयोजकांचा अधिकार आहे’ एवढे म्हणून थांबायचे असेल, तर तेच वाक्य आपल्या आवडत्या वक्त्याचे व्याख्यान एखाद्या महाविद्यालयाने रद्द केल्यावरही उच्चारायची तयारी ठेवावी.

आता ‘तेव्हा कुठे होतात?’ या प्रश्नाविषयी. हा प्रश्न विचारणे गैर नाही, पण तो विचारण्याआधी आजच्या घटनेवर आपली भूमिका एका वाक्यात मांडावी. ‘ही अटक चुकीची आहे; त्या वेळची अटकही चुकीची होती, तेव्हा तुम्ही का बोलला नाहीत?’ या विचारण्याला नैतिक वजन आहे. पहिली दोन वाक्ये गाळून केवळ तिसरे विचारले, तर त्याचा अर्थ आजच्या अटकेला आपली मूक संमती आहे, एवढाच होतो. हाच प्रश्न आपल्याला विचारला गेला तर चिडू नये. आपण खरोखर गप्प असलो तर तसे सांगावे आणि मूळ विषयावर परत यावे. प्रत्येक घटनेवर प्रत्येकाने बोलावे अशी अपेक्षा करता येत नाही, म्हणून मौन हा दुटप्पीपणाचा पुरावा मानू नये. सारख्या घटनांवर केलेली परस्परविरोधी विधाने हाच पुरावा धरावा. दुसऱ्याला दुटप्पी ठरवताना ही शिस्त पाळली, तर असले आरोप पुष्कळ कमी होतील आणि उरतील ते टिकाऊ असतील.

विरोधी मताच्या माणसाशी या विषयावर बोलताना सर्वांना मान्य होईल अशा जुन्या उदाहरणापासून सुरुवात करणे हिताचे ठरते. मला १९५० चे उदाहरण सर्वांत उपयोगी वाटते. ‘क्रॉस रोड्स’ हे डाव्या विचारांचे साप्ताहिक. मद्रास सरकारने त्याला आपल्या प्रांतात मज्जाव केला. ‘ऑर्गनायझर’ हे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विचारांचे साप्ताहिक; दिल्लीच्या प्रशासनाने त्याच्यावर छपाईपूर्व तपासणीचा आदेश बजावला. दोघेही सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २६ मे १९५० या एकाच दिवशी दोघेही जिंकले. पुढच्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १९(२) मध्ये सार्वजनिक सुव्यवस्थेसारखी नवी कारणे घातली गेली. निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत, यातला ‘वाजवी’ हा शब्दही त्याच दुरुस्तीने आला, हे सांगणे न्यायाचे होईल. आज जे दोन गट एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, त्यांच्या पूर्वसुरींनी मिळवलेला तो विजय एकच होता आणि त्याला पडलेली मर्यादाही एकच. हे सांगितल्यावर समोरचा माणूस लगेच आपल्या बाजूला येईल असे नाही, परंतु बोलणे आजच्या नेत्यांच्या नावांवरून निघून कायद्याकडे वळते, आणि तेथे निदान एकमेकांचे ऐकून घेता येते.

शेवटी प्रत्यक्ष कृतीविषयी. विरोधी पक्षाचे सरकार चुकते तेव्हा आपण बोलतोच. त्या बोलण्याचा त्या सरकारवर परिणाम थोडा होतो, कारण आपले मत त्याला मिळणार नाही हे त्याने धरलेलेच असते. आपण ज्याला मत दिले त्या पक्षाच्या सरकारने एखाद्या टीकाकाराला अटक केली, तर आपला शब्द अधिक मोलाचा असतो. अशा वेळी समाजमाध्यमावर त्रागा करण्याऐवजी आपल्या मतदारसंघातील आमदाराला आपले नाव आणि मतदारसंघ नमूद करून पत्र लिहावे. त्यात आपण त्यांचे मतदार आहोत हे सांगावे, अटक झालेल्या व्यक्तीची मते आपल्याला मान्य नसतील तर तेही एका वाक्यात लिहावे, गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदवला आहे याचा उल्लेख करावा, त्या बोलण्यात चिथावणी कोठे आहे हे विचारावे आणि उत्तराची मागणी करावी. पत्राची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. सरकार बदलल्यावर दुसऱ्या आमदाराला लिहिताना नावे आणि तारखा बदलून तोच मजकूर वापरता आला पाहिजे.