कोरियात इंग्रजी शिकवायला निघालात? या चुका टाळा

कोरियात नव्या शिक्षकाची पहिली फजिती वर्गात होत नाही. ती होते मोबाइलच्या दुकानात, बँकेच्या काउंटरवर आणि कचऱ्याच्या डब्यापाशी. मुलं बिचारी आठवडाभरात सांभाळून घेतात, कागद घेत नाहीत.

एजंटचं ऐकणं, पासपोर्ट न बघणं

हागवॉन म्हणजे तिथले खासगी क्लासेस. ते ई-2 या परदेशी भाषाशिक्षकांच्या व्हिसावर सात देशांच्या नागरिकांना घेतात: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत वाढलेल्या आपल्या मुलामुलींना हा रस्ता मोकळा आहे. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी दार अरुंद आहे. 2010 पासून लागू असलेल्या भारत-कोरिया सेपा या आर्थिक भागीदारी करारामुळे पदवी आणि इंग्रजीचा अध्यापन परवाना असेल, तर शाळेत सहायक शिक्षक होता येतं. तेव्हा ‘भारतीय पासपोर्टवर हागवॉनची नोकरी, फक्त डिपॉझिट भरा’ असं कुणी म्हणालं, तर पाकीट खिशातच राहू द्या.

अमेरिकेतून निघणाऱ्यांना एक सूचना. अॅडरॉल, म्हणजे एकाग्रतेसाठी दिलं जाणारं औषध, तिथे बंदी असलेल्या औषधांत मोडतं, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी. सामानात टाकू नका.

वडिलांचं नाव

आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा स्वतःच्या नावाला चिकटून वडिलांचं नाव असतं. कोरियन माणसाचं आडनावासकट नाव बहुतेक वेळा तीन अक्षरांत संपतं, आणि तिथले फॉर्म त्याच मापाने शिवलेले. मग मोबाइलवाला वडिलांना गाळतो, बँकवाली सगळं सलग जोडून लिहिते, आणि रहिवासी कार्डावर आडनाव आधी येतं. एकच माणूस, तीन नावं! ऑनलाइन खरेदी असो की बँकेचं अॅप, ओळख पटवली जाते ती फोन नंबर आणि नावावरून. एक मोकळी जागा कमी-जास्त झाली तरी स्क्रीन ‘माहिती जुळत नाही’ म्हणते. असं का होतंय हे कळायलाच आठवडे जातात, कारण प्रत्येक काउंटरवर आपापलं सगळं बरोबरच असतं.

यावर उपाय क्रमाचा आहे. आधी रहिवासी कार्ड. पोहोचल्यापासून 90 दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, पण हाय कोरियाच्या साइटवर इमिग्रेशनची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही. म्हणून उतरल्या आठवड्यातच तारीख घेऊन टाका. कार्ड हातात आलं की त्यावरची अक्षरं, त्यातल्या मोकळ्या जागांसकट, फोन आणि बँक दोन्हीकडे डोळ्यांदेखत टाइप करून घ्या. आधीच घोळ झाला असेल तर अॅपशी झटापट करू नका. कार्ड घेऊन शाखेत आणि मोबाइल कंपनीच्या दुकानात जा. काम काउंटरवर होतं. कार्ड येईपर्यंत प्रीपेड सिमवर भागवा आणि महिना-दीड महिना पुरतील इतके पैसे जवळ ठेवा, कारण पहिला पगार महिना भरल्याशिवाय येत नाही.

पगाराची चिठ्ठी न वाचणं

चिठ्ठीत फक्त 3.3 टक्के कापलेले दिसले आणि पेन्शन, आरोग्य विमा दिसलाच नाही, तर आनंदून जाऊ नका. याचा अर्थ हागवॉनने तुम्हाला कागदोपत्री ‘फ्रीलान्सर’ केलंय आणि स्वतःचा वाटा वाचवलाय. राष्ट्रीय पेन्शनमध्ये तुम्ही जितकं भरता तितकंच मालकाने भरायचं असतं. 2025 पर्यंत दोघांचे साडेचार-साडेचार टक्के होते, 2026 पासून दर चढायला लागलाय. अमेरिकन, कॅनडियन आणि ऑस्ट्रेलियन नागरिकांना देश सोडताना ही रक्कम परत मिळते, म्हणजे न कापल्यावर नुकसान तुमचंच.

पूर्ण वर्ष भरलं की साधारण एका महिन्याच्या पगाराइतकी एकरकमी रक्कम नोकरी सोडताना कायद्यानेच मिळते. म्हणूनच काही ठिकाणी अकराव्या महिन्यात अचानक तुमच्या शिकवण्यात खोट सापडते. कामाचे तास, पगार, सूचना हे सगळं काकाओटॉकवर (तिथलं व्हॉट्सअॅप) लेखी येऊ द्या, तोंडी ठरलेलं नंतर कुणाला आठवत नाही. कामगार खात्याचा नंबर 1350, इमिग्रेशनचा 1345.

आणि शेजारच्या काकूंच्या मुलाची शिकवणी? ई-2 वर खासगी शिकवणी बेकायदा आहे. काकू कितीही प्रेमळ असल्या तरी.

लाल पेन

वही लाल पेनने तपासा, पण मुलाचं नाव लाल शाईने लिहू नका. तिथे ते मरणाशी जोडलेलं आहे आणि अख्खा वर्ग एका सुरात दचकतो. सहकाऱ्यांना नुसत्या नावाने हाक मारणंही टाळा. ‘सनसेंगनिम’ म्हणजे आपलं ‘सर’ किंवा ‘मॅडम’, तेवढं लावलं की पुरे.

ओला कचरा म्हणजे आपला ओला कचरा नव्हे

चहाचा चोथा, कांद्याची सालं, अंड्यांची टरफलं, हाडं. आपल्या हिशेबाने हे सगळं ओल्यात. तिथे नाही! अन्नकचऱ्याचा चारा होतो, म्हणून जनावराला खाता येईल तेवढंच त्यात टाकायचं, बाकीचं साध्या कचऱ्यात. साध्या कचऱ्याला 1995 पासून ठरावीक विकतच्या पिशव्या लागतात, आणि त्या आपापल्या वॉर्डाच्याच. (वॉर्डाला कोरियनमध्ये ‘गू’ म्हणतात, ते मराठी घरात मोठ्याने सांगू नका.) दुसऱ्या पिशवीत टाकलेला कचरा तिथेच पडून राहतो, वर दंडही होऊ शकतो.

‘मांस नको’ म्हणून निर्धास्त होणं

‘कोगी’ म्हणजे मांस. ते काढायला सांगितलं तरी हॅम आणि मासळी ताटात येऊ शकते, कारण बोलण्यात ती ‘कोगी’त धरली जात नाही. किमचीत बहुधा माशाचा सॉस असतो आणि साध्या दिसणाऱ्या सूपला सुकवलेल्या मासळीची बैठक. त्यामुळे शाकाहाऱ्याने प्रत्येक जिन्नस वेगळा विचारावा. तूरडाळ आणि मसाले सोलच्या इतेवॉनमध्ये, मशिदीच्या आसपासच्या दुकानांत मिळतात.

जानेवारीत बॉयलर बंद करणं

सुट्टीत घरी निघताना गॅस वाचवायला घर तापवणारा बॉयलर पूर्ण बंद केला, की उणे दहाच्या थंडीत पाइप गोठतो. भिंतीवरच्या पॅनेलवर ‘वेचुल’ नावाचं बटण असतं, म्हणजे ‘बाहेर गेलोय’. ते दाबून जा आणि नळ थेंब थेंब चालू राहू द्या.