रात्रीची बाटली आणि साडेअकराची उलटी: आम्ही काय काय बदललं

मागच्या जुलैतली गोष्ट. ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीत आमचा वन बीएचके, बाहेर धो धो पाऊस, आणि रात्री साडेअकराला शेजारी झोपलेल्या लेकीने आधी दोनदा खोकलं, मग घशात गुळुक असा आवाज, आणि पुढच्या सेकंदाला गादी, उशी, माझा गाऊन सगळं दह्यासारख्या गुठळ्यांनी माखलेलं. लेक तेव्हा दीड वर्षाची. गंमत म्हणजे ओकून झालं की बाईसाहेब एकदम फ्रेश, हसायच्या आणि परत बाटली मागायच्या. आठवड्यातून तीनचार रात्री हेच. सासूबाईंनी मीठमोहरी ओवाळून टाकली, आईने फोनवरून वावडिंग सुचवलं, समोरच्या काकू म्हणाल्या दूधवाला बदला. दूधवाला बदलला पण, उपयोग शून्य.

आधी एक सांगते, हे सगळं एक वर्षाच्या पुढच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान बाळाला रात्री दूध लागतंच, आणि तान्ही बाळं थोडं थोडं दूध काढतात ते वेगळं प्रकरण, ते बहुतेकांचं वर्ष-दीड वर्षाचं होईतो आपोआप थांबतं. अंगावर पिणाऱ्यांनाही हे जसंच्या तसं लावू नका.

आणि त्या गुठळ्या बघून दूध फाटलेलं होतं असं समजू नका. पोटात आम्ल असतं, दूध तिथे गेलं की त्याचं दही होणारच. गुठळ्या आल्या म्हणजे दूध थोडा वेळ पोटात बसून मग वर आलं, एवढाच त्याचा अर्थ.

सगळ्यात आधी चारपाच रात्री नुसतं लिहून काढा. मी फ्रिजवर एक कागद चिकटवला, जेवण किती वाजता, दूध किती वाजता, किती मिली, झोपून पिली की बसून, उलटी झाली का, खोकला होता का. डॉक्टरांकडे गेल्यावर आपण "रोज होते हो" असं म्हणतो आणि ते विचारतात रोज म्हणजे नक्की किती, तेव्हा आपल्याला काही आठवत नाही, कागद असला की बरं पडतं. आमच्या कागदावर पाचव्या दिवशी स्वच्छ दिसलं. ज्या रात्री नवरा ट्रॅफिकमध्ये अडकून साडेनऊनंतर घरी यायचा त्या रात्री ती ताजी व्हायची, बाबा तिला वर उडवून झेलायचा, जेवण सव्वानऊचं, बाटली दहाची, ती पण आडवी पडून, आणि साडेअकराला उलटी. शनिवार-रविवार सगळं लवकर, तेव्हा उलटी नाही. दूध तेच, दूधवाला तोच.

आता हिशोब बघा. आमची बाटली २४० मिलीची, काठोकाठ. लेकीचं वजन साडेदहा किलो. त्याच प्रमाणात ६० किलोच्या माणसाला द्यायचं तर जवळजवळ १ लिटर ३७० मिली दूध होतं. वरणभात जेवून तासाभरात सव्वा लिटरच्या वर दूध ढोसून लगेच आडवं व्हायचं, सांगा मला तुमचं काय होईल. अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथे एक झडपेसारखा स्नायू असतो, पोट तट्ट ताणलं की तो सैल पडतो, आणि त्यात मूल आडवं असलं की दूध वर यायला मोकळी वाट. त्यात एखादा खोकला आला की सगळंच बाहेर. पावसाळ्यात सर्दीचा कफ मागून घशात उतरतो तेव्हा तर हे हमखास. म्हणजे कधी कधी बिघाड पोटाचा नसतोच, खोकल्याचा असतो. पण रोज रात्री खोकून खोकून उलटी होत असेल, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर बाटलीच्या मागे लागू नका, छाती तपासून घ्या.

दुधाचा प्रकारही बघा. आमच्याकडे तबेल्यातून म्हशीचं दूध यायचं, घट्ट, वर बोटभर साय, सासूबाईंचा अभिमान. म्हशीच्या दुधात फॅट साधारण ६-७ टक्के, गाईच्या पिशवीत साडेतीनच्या आसपास, आणि फॅट जेवढं जास्त तेवढं पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. म्हशीचं दूध वाईट असं नाही म्हणत मी, दिवसा खिरीत घाला, दही लावा. रात्री मात्र आम्ही गाईचं केलं. आणि हो, बाटलीत बिस्किटाचा चुरा, साखर, बदाम पावडर, चॉकलेट पावडर घालणं बंद. पोट भरलेलं राहील आणि सलग झोपेल म्हणून लोक घालतात, मीही घालायचे, आणि ते घट्ट दूध बाहेर यावं म्हणून निपलचं भोक गरम सुईने मोठं करायचे. मग दूध धो धो येतं, मूल गटागटा पितं, सोबत हवा गिळतं. तसं निपल असेल तर आजच फेका.

शिळ्या दुधाचंही बोलायला हवं कारण आपली हवा तशी आहे. नऊ वाजता कोमट दूध थर्मासमध्ये भरून ठेवायचं आणि दोन वाजता उठल्यावर तेच द्यायचं, ही आयडिया मला फार भारी वाटायची. कोमट दूध म्हणजे जंतूंना आयती ऊब. द्यायचंच असेल तर फ्रिजमधलं काढा, गरम करा, द्या, आणि बाटलीत उरलं की ओतून टाका, जीव तुटला तरी. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं दूध नकोच. बाटलीच्या तोंडाच्या आट्यांत आणि निपलच्या कडेला पांढरा थर बसतो तो नुसत्या विसळण्याने जात नाही, ब्रश घालून घासा आणि मग उकळा.

आता मुख्य काम, वेळ आणि भांडं बदलणं. आम्ही जेवण पावणेआठला आणलं. बाबा घरी असो नसो, आजी भरवते. पावणेनऊला दूध, १५० मिली, स्टीलच्या छोट्या पेल्यात, मांडीवर सरळ बसवून. सासूबाई म्हणाल्या अगं आमच्या वेळी बोंडल्याने, म्हणजे तोटीच्या छोट्या भांड्याने पाजायचो, बाटली होती कुठे, आणि माळ्यावरून खरंच एक चांदीचं बोंडलं काढून आणलं, दीड वर्षाच्या मुलीला! तिने ते चावून बघितलं. पण सासूबाई त्या दिवसापासून माझ्या पार्टीत आल्या हे मोठं काम झालं, नाहीतर "रिकाम्या पोटी कसं झोपेल गं लेकरू" हे रोज ऐकायला लागायचं. दूध झालं की दात घासायचे, फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात किडतात ते दूध रात्रभर तिथे साचून राहतं म्हणून. मग पाऊण-एक तास गोष्टी, घरातल्या घरात फिरणं, आणि बाबाला सक्त ताकीद, आल्यावर उडवाउडवी नाही. पावणेदहाला झोप.

हे एका रात्रीत झालेलं नाही. २४० वरून दर तीन रात्रींनी ३० मिली कमी करत गेलो, तिला कळलंही नाही. बाटलीवरून पेल्यावर आलो तेव्हा मात्र कळलं. पहिल्या रात्री चाळीस मिनिटं रडली, खालच्या मजल्यावरच्यांनी सकाळी लिफ्टमध्ये विचारलं, दुसऱ्या रात्री वीसपंचवीस मिनिटं, चौथ्या रात्री नुसती कुरकुर. मध्यरात्रीच्या बाटलीच्या जागी पेल्यात दोन घोट पाणी आणि पाठीवर थोपटणं. पाण्यासाठी कोण उठणार, आठवड्याभरात उठायचीच बंद झाली. एक करा, सर्दीताप असताना किंवा गावाला जायच्या आठवड्यात हे सुरू करू नका, गणपतीत तर नाहीच.

दूध कमी केलं तर अंगाला कसं लागेल ही भीती सगळ्यांना असते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून ४०० ते ५०० मिली दूध पुरतं, आमच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं. आमचं मोजलं तर ८५० भरत होतं. म्हणूनच ती जेवत नव्हती, आणि हिमोग्लोबिनही कमी, ९.४ आलं होतं. गाईम्हशीच्या दुधात लोह नाहीच्या बरोबर, वर ते दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. दूध कमी केल्यावर महिन्याभरात भाकरी कुस्करून खायला लागली. हिमोग्लोबिनसाठी औषध दिलं होतं ते वेगळं.

उलटी होतेय त्या रात्री काय करायचं. झोपेत सुरू झाली तर लगेच कुशीवर वळवा, उताणं ठेवू नका, तोंड बोटाला कापड गुंडाळून पुसून काढा. आणि पोट रिकामं झालं म्हणून लगेच दुसरी बाटली देऊ नका, ही चूक मी चार वेळा केली आणि चारही वेळा चादर दुसऱ्यांदा बदलली. वीस मिनिटं थांबा, मग चमच्याने पाणी. उलट्या एकापेक्षा जास्त झाल्या किंवा जुलाबही असतील तर ओआरएस, दर दोनतीन मिनिटांनी एक चमचा, घाई नाही. अर्धं पाकीट आणि अंदाजाने पाणी असं करू नका, मोठं पाकीट १ लिटरला, छोटं २०० मिलीला, पाकिटावर लिहिलेलं असतं. टेट्रापॅकमधली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नाही, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांच्या लेबलवर तो शब्द वापरायलाच बंदी घातली. आणि मेडिकलवाल्याने काउंटरवरून दिलेलं उलटीचं सिरप स्वतःच्या मनाने पाजू नका.

काही गोष्टी बाटलीच्या खात्यात टाकायच्याच नाहीत. उलटी हिरवी आली, त्यात रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, पोट फुगून कडक झालं, सहा-आठ तास शू नाही, मूल मलूल पडलंय आणि हाक मारली तरी नीट बघत नाही, दिवसा डोक्यावर पडलं होतं, किंवा घरातला बटन सेल (छोटी गोल बॅटरी) सापडत नाहीये आणि तो गिळल्याची शंका आहे, तर सकाळची वाट बघू नका, रिक्षा मिळत नसेल तर १०८ लावा. वजन घटतंय, किंवा पहाटे उठल्या उठल्या दुधाशिवायच उलट्या होतायत, तर तेही लवकर दाखवा.

राहिली गादी. उलटी लागली की आधी गार पाण्याने पुसा, गरम पाणी अजिबात नको, दुधातलं प्रोटीन घट्ट बसतं आणि मग वास जन्मात जात नाही. वर खायचा सोडा दाबून टाका, दोनतीन तासांनी ब्रशने झटका, पंखा फुल. पावसाळ्यात गादी वाळवायला ऊन कुठून आणणार, त्यामुळे चादरीखाली मेणकापड, त्यावर जुना टॉवेल, त्यावर चादर, आणि तसाच दुसरा सेट आधीच अंथरून ठेवायचा, मेणकापड टॉवेल चादर, मेणकापड टॉवेल चादर. रात्री वरचा सेट ओढून बाथरूममध्ये फेकला की दिवा न लावता परत झोपता येतं. आमच्याकडे तो डबल सेट ऑगस्टपासून कपाटात पडून आहे, आणि बाटली आंघोळीच्या बादलीत तरंगते, लेक त्याच बाटलीने बाबाच्या चपलांवर पाणी ओतते.