वाई-पाचगणीकडं पीच लावायचंय? आधी जात बघा

हिमाचलवरून पीचचं रोप मागवू का असं विचारणारे बरेच भेटतात, त्यांना एकच सांगतो, जात विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. एलबर्टा असेल तर सोडून द्या, त्याला 7 अंशाखालची थंडी 800 तासांच्या आसपास लागते आणि आपल्याकडं वेण्णा लेकवर दव गोठल्याची बातमी आली तरी ती दोन-चार पहाटेचीच असते. फ्लोरडा प्रिन्स घ्या, 150 तासांत भागतं, शिवाय परागीकरणाला दुसरं झाड लागत नाही.

सांगली-मिरजेच्या काळ्या रानात नकोच, पाणी साचलं की मुळं सडतात आणि क्षारपड असेल तर विषयच संपला. महाबळेश्वरात थंडी आहे पण पाऊस 5000 मिमीच्या वर, म्हणून मला तरी पाचगणी नाहीतर वाईच्या वरची उताराची तांबडी रानं बरी वाटतात, तिथंपण उंच वरंब्यावरच लावा. लागण डिसेंबर-जानेवारीत, दोन झाडांत 15 फूट, आणि कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पायजे.

झाड मोठं झालं की नोव्हेंबरात पाणी तोडायचं, डाळिंबाला ताण देतात तसं, पानं आपोआप गळाली नाहीत तर हातानं काढा पण डोळा, म्हणजे काडीवरची कळी, मोडू देऊ नका. लहान झाडाला ताण नको.

मग छाटणी, आणि इथंच द्राक्षवाले गडबडतात, सरसकट सगळ्या काड्या आखूड करून मोकळे होतात. पीचला फळ गेल्या वर्षीच्या काडीवर येतं. काडी हातात धरून नीट बघा, बऱ्याच ठिकाणी तीन डोळे एकत्र दिसतील, मधला बारीक टोकदार तो पानाचा, बाजूचे दोन गोल फुगीर ते फुलांचे. असे डोळे असलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या ठेवा, गर्दीतल्या, आत वळलेल्या आणि जुन्या फळून गेलेल्या बुडातून काढा, मधून ऊन खाली दिसलं पायजे. कापाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावा.

फळं बोराएवढी झाली की विरळणी करा, वीतभर अंतरावर एकच फळ, जिवावर येतं पण नाही केली तर सगळी गोटीएवढीच राहतात. नव्या फुटीवर पानं गोळा व्हायला लागली तर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आहे का बघा. फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचे (नर माशीला ओढणाऱ्या वासाचे) सापळे फळ पिकायच्या बरेच आधी लावा, आणि खाली पडलेली फळं तिथंच सोडू नका, उचलून खोल पुरा.